मैफल टिपताना शिकलेले दहा धडे

भोसरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं मेन्टेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. पाळी संपली की खांद्याला पिशवी अडकवून निघायचो. पिशवीत रेकॉर्डर, दोन माइक, चार वायरी आणि घडी घातलेली एक जुनी गोधडी. चिंचवडला मोरया गोसावींच्या उत्सवातलं गाणं, प्राधिकरणातल्या एखाद्या घरची बैठक, देहू-आळंदीच्या वाटेवरचे सप्ताह, चाकणच्या आसपासच्या वाड्यांवरचं एकादशीचं भजन, जिथे जमेल तिथे जाऊन टिपत राहिलो. 1991 साली कॅसेटवर सुरुवात केली. आज तेच काम खिशात मावणाऱ्या यंत्रावर करतो.

या पट्ट्यात टर्नर, फिटर, वेल्डर म्हणून जी माणसं आली, ती सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून आपापल्या गावचं गाणं घेऊन आली. एकाच कॉलनीत एकाच अभंगाच्या तीन चाली ऐकायला मिळतात. हे गाणं टिपायला रेकॉर्ड कंपनी येत नाही. शेजारच्या माणसानं टिपलं तरच ते राहतं.

यंत्र हाताशी असलं म्हणून आवाज उरतोच असंही नाही. गायिका गौहरजानचं गाणं कोलकात्यात 1902 साली तबकडीवर उतरलं. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब त्यानंतर 44 वर्षं हयात होते, 1946 साली गेले, आणि त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याकडे नाही. एवढ्या मोठ्या गवयाची ही कथा, तर पहिल्या पाळीला जाणाऱ्या भजनी बुवांचं काय होणार? म्हणून हौशी माणसानं टिपावं आणि नीट टिपावं. त्यासाठी मला जे उमगलं ते इथे सांगतो.

1. आधी विचारा, मग पिशवी उघडा

पहिली काही वर्षं मी कोपऱ्यात बसून गुपचूप टिपायचो. प्राधिकरणातल्या एका बैठकीत गायिकेच्या लक्षात आलं आणि त्यांचं गाणं आखडलं. त्या दिवशी मी आवाजही गमावला आणि त्यांचा विश्वासही. तेव्हापासून आधी जाऊन विचारतो, “माऊली, टिपून घेऊ का? एक प्रत तुम्हाला आणून देतो.” नको म्हणाले तर पिशवी बंद ठेवून नुसतं ऐकतो.

कायदाही माहीत असावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 38वं कलम गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर हक्क देतं आणि तो 50 वर्षं टिकतो. 39व्या कलमात स्वतःच्या खासगी वापरासाठी, शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी टिपायला मुभा आहे. खासगी वापराची ही मुभा म्हणजे चार गटांवर पाठवायचा परवाना नव्हे. शब्द आणि चाल यांचा हक्क पुन्हा वेगळा असतो. परवानगीचा आवाजाच्या दर्जाशीही थेट संबंध आहे, कारण विचारलं की बुवा स्वतःच म्हणतात, “इथे पुढे बसा.”

2. माइकची जागा कानांना विचारा

चांगल्या आवाजाचं बहुतेक काम जागेनं होतं. महागडा माइक शेवटच्या रांगेत ठेवला तर साधा माइक पुढच्या रांगेतून त्याला सहज हरवतो. याचं कारण साधं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की गायकाकडून थेट येणारा आवाज 6 डेसिबलनं उतरतो, चौपट झालं की 12 डेसिबलनं. भिंती-छतांवर आपटून येणारा घुमारा मात्र सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. मागे जाल तसं गाणं कमी आणि खोली जास्त टिपली जाते.

हे मला पत्र्याच्या शेडनं शिकवलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि रात्री शॉपमध्येच भजन. वर पत्रा, खाली काँक्रीट, बाजूला लोखंडी यंत्रं. टाळी वाजवली की दोन सेकंद फिरत राहायची. दहा मीटरवरून टिपलेल्या भजनातला एक शब्द धड कळत नव्हता. पुढच्या वर्षी मंडळींच्या पाठीमागे ताडपत्री टांगली, खाली सतरंज्या अंथरल्या, माइक दोन मीटरवर आणला, आणि शब्द न् शब्द हाती आला.

माझी पद्धत अशी. तासभर आधी जायचं. टाळी वाजवत मंडपभर फिरायचं. गाणारे सूर लावायला बसले की एका कानात बोट घालून जागोजागी उभं राहायचं. दोन कानांनी ऐकताना मेंदू घुमारा गाळून गाणं वेगळं काढतो. माइकला ते जमत नाही. एक कान बंद केला की माइकला काय ऐकू येणार याचा अंदाज येतो. जिथे गळा आणि ताल दोन्ही पटतील तिथे स्टँड उभा करायचा. एक लक्षात ठेवावं, माणसं भरली की घुमारा कमी होतो. अंगावरचे कपडे आवाज पितात. रिकाम्या मंडपात थोडा घुमतोय असं वाटलेला आवाज भरल्या मंडपात बहुधा बरोबर बसतो.

3. टाळांची बाजू ओळखा

वारकरी कीर्तनात टाळकरी ओळीनं उभे, मधे वीणेकरी, एका बाजूला पखवाज आणि पुढे महाराज. पितळी टाळाचा आवाज उंच आणि टोकदार. दहा जोड्या एकदम पडल्या की माइकला दुसरं काही ऐकू येत नाही. टाळकऱ्यांच्या जवळ ठेवलेला माइक घरी येऊन ऐकला की डोकं दुखतं.

एका बाजूचं जास्त ऐकणारा माइक असेल तर त्याचं तोंड महाराजांकडे आणि पाठ टाळांकडे येईल असा ठेवावा. पखवाज आपोआप येतो, त्याच्यासाठी वेगळी धडपड लागत नाही. तो फारच मागे राहिला तर स्टँड हातभर त्या बाजूला सरकवायचा. दोन माइकांनी टिपायचं असेल तर 17 सेंटीमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन ही फ्रेंच रेडिओच्या अभियंत्यांनी वापरात आणलेली मांडणी मला भजनात फार मानवली. डोळे मिटले की डावीकडचे टाळकरी डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे दिसायला लागतात.

4. आवाज फाटू देऊ नका

माझी सगळ्यात मोठी चूक याच धड्यात आहे. टूलरूममध्ये तात्या होते. दिवसभर मिलिंग मशीनवर, संध्याकाळी पखवाजावर. त्यांच्या हाताची थाप शॉपच्या दुसऱ्या टोकाला ओळखू यायची. 1996 च्या खंडेनवमीला मी त्यांचं भजन टिपलं. सुरुवातीला मंडळी हळू गात होती म्हणून रेकॉर्डरचा काटा वर चढवून ठेवला. भजन रंगात आलं, गजर सुरू झाला, तात्या खुलले आणि मी टाळ्या वाजवत राहिलो. घरी येऊन ऐकतो तर पखवाजाची प्रत्येक थाप फाटलेली. फाटलेला आवाज कोणीही शिवू शकत नाही.

कॅसेटवर पातळी उंच ठेवायची सवय लागते, कारण खाली फितीची खरखर असते. डिजिटल यंत्रात ती भीती नाही. 16 बिटांतही सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मिळतो, 24 बिटांत त्याहून खूप जास्त. पण वरच्या शून्याच्या रेषेपलीकडे काहीच नाही. तिथे आवाज छाटला जातो. म्हणून सूर लावताना सगळ्यात जोरकस आवाज उणे 18 च्या आसपास ठेवतो, म्हणजे गजरात तो उणे 12 ते उणे 6 पर्यंत चढायला जागा राहते. भजन शेवटाकडे चढतंच, हे धरूनच पातळी लावायची. हल्ली 32 बिट फ्लोटची यंत्रं आली आहेत, त्यांत हा धोका कमी. पण माइकच फार जवळ ठेवला तर तो स्वतः फाटतो, त्याला यंत्र काय करणार?

आणि आपोआप पातळी लावणारं बटण बंद ठेवावं. बुवा श्वास घेतात तेवढ्यात ते यंत्र पंख्याची घरघर वर आणतं, आणि समेवर थाप पडली की गळा दाबून टाकतं. मोबाइलवर टिपणाऱ्यांनी तर आवाज साफ करणारी सोय नक्की बंद करावी. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं तिला वाटतं. मग ती तानपुराच खाऊन टाकते.

5. साउंडवाल्याला आपला माणूस करा

मंडपात सगळ्यात आधी येणारा आणि सगळ्यात शेवटी जाणारा माणूस म्हणजे साउंडवाला. त्याला वायरी ओढायला हात लावा, चहा आणून द्या आणि मगच मिक्सरमधून एक वायर मागा. ती मिळाली की महाराजांचा गळा अगदी कानाशी येतो.

पण नुसत्या त्या वायरीवर विसंबू नका. लहान मंडपात पखवाज आणि टाळ मुळातच मोठे असतात, म्हणून साउंडवाला ते स्पीकरला थोडेच देतो. मिक्सरवरून घेतलेल्या आवाजात म्हणून गळा उघडा पडतो आणि ताल विहिरीच्या तळातून आल्यासारखा लागतो. माणसंही नसतात. मी मिक्सरचा आवाज आणि मंडपातल्या माइकचा आवाज वेगवेगळे टिपतो आणि घरी एकत्र करतो. आवाज मीटरभर जायला साधारण 3 मिलिसेकंद घेतो. माइक 12 मीटरवर असेल तर तो 35 मिलिसेकंद उशिरा ऐकतो. तेवढा फरक जुळवला नाही तर प्रत्येक थाप दोनदा पडते. दोन यंत्रं वापरली तर त्यांची घड्याळंही तासाभरात किंचित सरकतात, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी एकेक मोठी टाळी वाजवून ठेवतो. दोन्ही टोकं जुळली की मधलं जुळतं.

दोन काळज्या. मिक्सरचा आवाज लाइनचा असतो, तो यंत्राच्या माइकच्या जागी जोडला की फाटतो. आणि आपल्या यंत्राची, माइकला वीज पुरवणारी फँटम पॉवर आधी बंद करावी.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला ध्वनिक्षेपक थांबतो. जागर असेल तर भजन त्यानंतरही चालू राहतं, नुसत्या गळ्यांवर. माझी उत्तम मुद्रणं बहुतेक त्या वेळची आहेत. स्पीकर नसला की माणसं एकमेकांचं ऐकून गातात आणि आवाज आपोआप तोलला जातो.

6. घूं आवाजाचं मूळ शोधा

ही माझ्या धंद्यातली गोष्ट. आपली वीज 50 हर्ट्झची. मिक्सर एका बोर्डावर, रेकॉर्डर दुसऱ्या बोर्डावर आणि मधे वायर, असं झालं की अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि सगळ्या गाण्याखाली ‘घूं’ सुरू होतो. तो नंतर काढायला गेलं की पखवाजाच्या धुमाचा, म्हणजे डाव्या बाजूच्या खोल नादाचा, आणि खर्जाचाही जीव जातो.

उपाय स्वस्त आहे. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. तरीही घूं आला तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेली डबी घाला. माइकच्या वायरी विजेच्या वायरींच्या शेजारून नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. जनरेटर, रोषणाईच्या माळा, डिमर यांच्यापासून दूर बसा. मोबाइल विमानाच्या मोडवर टाका. फोन यायच्या आधीची ती टिकटिक माझ्या एका सुंदर भैरवीत कायमची बसली आहे. बॅटऱ्या दरवेळी नव्या घाला. अर्ध्या संपलेल्या बॅटऱ्या काल्याच्या कीर्तनातच संपतात.

7. आपल्या गावाचं वेळापत्रक पाठ करा

आपल्या पट्ट्याला स्वतःचा आवाज आहे. चिंचवड-आकुर्डीला लोकल, चाकणला नाशिक रस्त्यावरचे ट्रेलर, भोसरीत पॉवर प्रेसचे ठोके, कॉम्प्रेसर, पाळी सुटल्यावर बसगाड्यांची रांग. हा आवाज बदलता येत नाही, त्याच्या वेळा मात्र कळतात. घरगुती बैठक ठरवताना मी यजमानांना पाळीच्या वेळा सांगतो. भोसरीत पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून गुरुवारची रात्र मला नेहमी लाभली.

जवळचे आवाजही असतात. माइकच्या डोक्यावरचा पंखा बंद करायची विनंती करावी. उघड्यावर माइकला फरचं टोपडं घालावं. वाऱ्याची फडफड नंतर निघत नाही. खालचे आवाज कापणारं बटण जपून वापरावं. 80 हर्ट्झवर कापलं तर ट्रेलर जातो आणि त्याच्याबरोबर पखवाजाचा धुमही जातो.

गोधडीचं कारण इथे आलं. मंचाच्या फळ्यांवर कोणी पाय आपटून ताल धरला की स्टँडमधून तो धडधड माइकपर्यंत चढतो. स्टँड जमिनीवर, आणि मंचावर ठेवावाच लागला तर चौपदरी गोधडीवर. एकदा टिपणं सुरू झालं की यंत्राला हात लावू नये आणि आपण स्वतः दाद देऊ नये. माइकच्या सगळ्यात जवळ आपणच असतो.

8. सफाई थोडी करा, मूळ जपा

संगणकावर आता फुकटात बरंच काही होतं. ऑडॅसिटी मी पुष्कळ वर्षं वापरतो. पण खरखर काढायचा मोह वाईट. तानपुरा, पेटी, टाळांचा मागे रेंगाळणारा झंकार, सगळं त्या खरखरीबरोबर निघून जातं आणि उरलेला गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो. मी दोन-तीनच गोष्टी करतो. टाळ बोचत असतील तर वरचा पट्टा किंचित उतरवतो, कानठळ्या बसवणारी टाळी खाली आणतो आणि शेवटी एकूण पातळी वाढवतो. मग एक दिवस थांबून पुन्हा ऐकतो. मूळ फाइल कधीच बदलत नाही. पुढच्या पिढीचे कान आणि साधनं माझ्याहून चांगली असतील, त्यांच्यासाठी ती तशीच राहू द्यावी.

9. नाव-गाव लिहा, तीन प्रती ठेवा

आपल्या पुणे जिल्ह्यातच याचा मोठा धडा आहे. मावळ-मुळशीच्या आणि महाराष्ट्रातल्या इतर गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यांतल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं झालं. तो ठेवा आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संग्रहात सर्वांना खुला आहे. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे, म्हणून इतक्या वर्षांनी कार्यकर्ते त्या बायकांच्या दारात पुन्हा जाऊ शकले.

माझ्याकडे सुरुवातीच्या सत्तर कॅसेटांवर नुसतं ‘भजन’ लिहिलंय. कोणाचं, कुठलं, कधीचं, आता सांगणारं कोणी नाही. आज मी कार्यक्रम संपताच यंत्रात बोलूनच नोंद करतो. तारीख, गाव, मंडळ, गाणारे, साथीदार, राग किंवा अभंगाचा पहिला चरण. घरी आल्यावर फाइलला तेच नाव देतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर तासाला साधारण 1 जीबी लागतो. आजच्या डिस्कच्या मानानं हे काहीच नाही. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी. कॅसेटा पावसाळ्यात बुरशीनं जातात, डिस्क न सांगता जातात. चौथी प्रत ज्यांचं गाणं त्यांची. सांगितल्या दिवशी नेऊन द्यावी.

10. लवकर सुरू करा, उशिरा बंद करा

कॅसेटच्या काळात फीत वाचवायची ओढ असायची. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, आणि ती नेमकी चढत्या गजरात संपायची. म्हणून मंडळी गायला लागली की मगच बटण दाबायचं. 1996 च्या त्या रात्री पातळी पाहण्यासाठी मी ते थोडं आधी दाबलं होतं.

तात्या गेल्यावर त्यांचा मुलगा घरी आला. म्हणाला, “काका, तात्यांचं काही आहे का तुमच्याकडे?” मी कॅसेट लावली. भजन सुरू झालं की थाप फाटते, हे मला ठाऊक होतं आणि मी मान खाली घालून बसलो होतो. पण भजनाच्या आधी दीड मिनिट होतं. त्यात तात्या नाद बसवायला पखवाजाला कणीक लावताहेत. ओली कणीक तळव्यानं थापल्याचा आवाज, एक हलकी थाप, थांबणं, पुन्हा थोडी कणीक, पुन्हा थाप. मग हातोडीचे दोन ठोके आणि त्यांचा शांत आवाज, “आता बसला बघ.” पातळी तेव्हा अगदी बरोबर होती. एकही थाप फाटलेली नव्हती.

मुलगा ते दीड मिनिट चारदा ऐकून उठला. घरी तात्यांचा पखवाज होता, पण कणीक किती लावायची ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आठवड्यानं त्याचा फोन आला. पलीकडून काही न बोलता त्यानं थाप दिली, थांबला, पुन्हा दिली आणि मला विचारलं, “काका, एवढीच ना?”

मी कॅसेट लावून ताडून पाहिलं. थोडी जास्त होती. ती कमी करायला सांगितली.